मऊ लाकडाचे फर्निचर : लेपाच्या निवडीचे अर्थशास्त्र

भारतीय घरांतील फर्निचरचे लाकूड गेल्या काही दशकांत बदलले आहे. साग, शिसम आणि शिवण यांची जागा पाइन, रबरवुड, आंबा, सिल्व्हर ओक, पॉपलर यांसारख्या फिकट, हलक्या आणि तुलनेने मऊ लाकडांनी मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने वनांचे पर्यावरणीय कार्य अग्रस्थानी ठेवले आणि उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांच्या सहकार्याने वनांबाहेर निर्माण करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एन. गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशामुळे वनांतील तोडीवर कडक नियंत्रण आले. साहजिकच लाकडाची गरज भागविण्याचे दोन मार्ग उरले. पहिला मार्ग आयातीचा आणि दुसरा शेतांच्या बांधांवर व मळ्यांत वाढणाऱ्या झाडांचा.

या दोन्ही मार्गांनी येणारे लाकूड सागासारखे स्वयंरक्षित नसते. सागामध्ये नैसर्गिक तेले व इतर संरक्षक द्रव्ये असतात. त्यामुळे लेप न देताही ते वर्षानुवर्षे टिकते. मऊ लाकडाला हे संरक्षण बाहेरून द्यावे लागते. म्हणूनच कारागिरांच्या बोलीत ज्याला सरसकट ‘पॉलिश’ म्हटले जाते, त्या अंतिम लेपाची निवड मऊ लाकडाच्या बाबतीत केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. वस्तूचे आयुष्य, कारागिराचे आरोग्य, ग्राहकाचा खर्च आणि लाख उत्पादक आदिवासींचे उत्पन्न हे सारे त्या निवडीशी जोडलेले आहे.

मऊ लाकूड म्हणजे काय?

वनस्पतिशास्त्रात ‘मऊ’ आणि ‘कठीण’ ही विभागणी लाकडाच्या प्रत्यक्ष कठीणपणावरून केली जात नाही. पाइन, देवदार, फर यांसारख्या सूचिपर्णी म्हणजे अनावृतबीजी वृक्षांच्या लाकडाला मऊ लाकूड म्हणतात, तर साग, आंबा, शिसम अशा आवृतबीजी वृक्षांचे लाकूड कठीण गणले जाते. या व्याख्येनुसार जगातील अत्यंत हलके असे बाल्सा हे ‘कठीण’ लाकूड ठरते, तर भरपूर टणक असलेले यू वृक्षाचे लाकूड ‘मऊ’ ठरते. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

व्यवहारात मात्र सुतार आणि ग्राहक यांना प्रत्यक्षातील मऊपणाशीच कर्तव्य असते. नख दाबले तर खूण उमटणारे, सहज रंधले जाणारे आणि द्रव पदार्थ पटकन शोषून घेणारे लाकूड ते मऊ, असा व्यवहारी अर्थ घेतल्यास हिमालयातील चीड, न्यूझीलंडहून येऊन गुजरातमधील कांडला परिसरात उतरणारा रेडियाटा पाइन, उत्तर भारतातील शेतांवरचा पॉपलर आणि खेळण्यांसाठी वापरला जाणारा काळा कुडा हे सर्व त्यात येतात. केरळातील रबरवुड मध्यम कठीण असले, तरी फिकट रंग, शोषकता आणि किडीचा धोका या बाबतींत त्याचे प्रश्न याच गटाशी मिळतेजुळते आहेत. प्रस्तुत विवेचनात हाच व्यापक अर्थ गृहीत धरला आहे.

मऊ लाकडाचे चार गुणधर्म

लेपाची निवड करताना मऊ लाकडाचे पुढील चार गुणधर्म विचारात घ्यावे लागतात.

(१) असमान शोषण : पाइनच्या प्रत्येक वार्षिक वलयात हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला विरळ भाग आणि नंतर वाढलेला दाट भाग असे दोन पट्टे असतात. विरळ भाग रंग अधिक पितो, दाट भाग कमी पितो. त्यामुळे थेट रंग दिल्यास लाकडावर डाग पडतात आणि मूळचा फिकट पट्टा गडद दिसू लागतो. यावर उपाय म्हणून रंग देण्यापूर्वी अतिशय पातळ केलेल्या चपड्याचा एक हात दिला जातो. त्याने छिद्रे अंशतः बुजतात आणि रंग सारखा बसतो.

(२) गाठी आणि राळ : पाइनच्या गाठींमध्ये राळ असते. उष्णतेने ती पातळ होऊन वर येते आणि तैलरंगाच्या थरातूनही पिवळसर डाग दाखवू लागते. गाठींवर आधी चपड्याचे अस्तर दिल्यास हा दोष आटोक्यात राहतो. चिडाच्या याच राळेपासून टर्पेंटाइन हे द्रावक आणि रोझिन हा घन पदार्थ मिळतो आणि दोन्ही पदार्थ वॉर्निशच्या उद्योगात वापरले जातात.

(३) खड्डे पडणे : लेप कितीही कठीण असला, तरी त्याखालचे लाकूड मऊच राहते. वस्तूवर आघात झाला की लाकूड दबते. लेप ठिसूळ असेल तर तो त्याबरोबर वाकत नाही, तडकतो आणि त्या तडकेतून पाणी आत शिरते. मऊ लाकडाला अधिक कठीण लेप हवा, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. त्याला लवचीक लेप हवा किंवा सहज दुरुस्त करता येईल असा लेप हवा.

(४) दमटपणा आणि कीड : लाकूड हवेतील बाष्प घेते आणि सोडते, त्यानुसार ते फुगते व आक्रसते. कोकण, केरळ किंवा बंगालसारख्या प्रदेशांत पावसाळा आणि उन्हाळा यांतील फरक मोठा असतो. कोणताही लेप ही देवघेव पूर्णपणे थांबवीत नाही, केवळ तिचा वेग कमी करतो. टेबलाच्या फळीच्या वरच्या बाजूला लेप देऊन खालची बाजू कोरी ठेवल्यास दोन्ही बाजूंचा वेग वेगळा राहतो आणि फळी वाकते. म्हणून न दिसणाऱ्या बाजूलाही लेप देणे आवश्यक असते.

रबरवुडचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. रबराचे झाड साधारण २५ ते ३० वर्षांनी चीक देण्याच्या दृष्टीने निरुपयोगी होते आणि नव्या लागवडीसाठी तोडले जाते. पूर्वी त्याचा उपयोग मुख्यतः सरपण आणि खोकी यांसाठी होत असे. त्यातील शर्करा व पिष्ट यांमुळे बुरशी आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे त्यावर लवकर हल्ला करतात. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण दाबाखाली लाकडात भरण्याची व नंतर भट्टीत वाळविण्याची पद्धत रूढ झाल्यावर हेच लाकूड फर्निचरसाठी योग्य ठरले. तथापि, बोरॉनचे क्षार पाण्यात विरघळतात. लाकूड वारंवार भिजल्यास ते बाहेर निघून जातात. याचा अर्थ असा, की येथे लेप लाकडाबरोबरच त्याच्यावर आधी झालेल्या कीडप्रतिबंधक प्रक्रियेचेही रक्षण करतो.

लेपांचे प्रमुख प्रकार

सर्व लेपांची ढोबळमानाने दोन कुळे करता येतात. लाकडात मुरणारे लेप आणि पृष्ठभागावर पापुद्रा तयार करणारे लेप.

मुरणाऱ्या लेपांत जवसाचे तेल आणि मेण यांचा समावेश होतो. ते लाकडाचे रेषाचित्र खुलवितात, कधी तडकत नाहीत आणि घरच्या घरी पुन्हा देता येतात. पाणी व डाग यांपासून त्यांचे संरक्षण मात्र मर्यादित असते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते आणि या क्रियेत उष्णता निर्माण होते. त्यामुळे तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या पसरून वाळविणे किंवा पाण्यात बुडवून ठेवणे ही साधी दक्षता आहे.

पापुद्रा तयार करणाऱ्या लेपांत सर्वांत जुना देशी लेप म्हणजे चपडा, अर्थात शुद्ध केलेल्या लाखेच्या पातळ पापड्या. त्या स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने अनेक पातळ हात दिले, की फ्रेंच पॉलिश तयार होते. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, हे त्याचे वैशिष्ट्य. त्यामुळे ओरखडा दुरुस्त करण्यासाठी सर्व लेप खरवडावा लागत नाही. गरम भांडे, मद्यार्क आणि साचलेले पाणी यांपुढे मात्र तो टिकत नाही, पांढरे डाग पडतात. विरघळविलेला चपडा फार काळ साठविल्यास नीट वाळत नाही, म्हणून तो गरजेपुरताच तयार करावा लागतो.

तैल वॉर्निश हळू वाळते, परंतु त्याचा पापुद्रा लवचीक असतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर काही मिनिटांत वाळते, त्यामुळे कारखान्यांना ते सोयीचे वाटते. परंतु ते अत्यंत ज्वालाग्राही असून कालांतराने पिवळे व ठिसूळ होते. मऊ लाकडावर हा ठिसूळपणा विशेष जाणवतो. मेलामाइन लेप त्याहून कठीण आणि चकचकीत असतो, मात्र तो घट्ट होताना फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. दोन घटकांचे पॉलियुरेथिन, म्हणजे बाजारातील ‘पीयू’, पाणी, उष्णता आणि घर्षण या तिन्हींना चांगले तोंड देते आणि त्याचे लवचीक प्रकारही मिळतात. पण त्याच्या घट्टकारकात आयसोसायनेट वर्गाची रसायने असतात आणि खराब झाल्यास लेप जागच्या जागी दुरुस्त करणे अवघड असते. पाण्यात विरल केलेल्या आधुनिक लेपांत द्रावकांच्या वाफा कमी असतात. मात्र पाण्यामुळे मऊ लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून पहिल्या हातानंतर बारीक पॉलिशपेपरने घासणे आवश्यक ठरते.

एक तांत्रिक बाब येथे नोंदविली पाहिजे. साध्या चपड्यात थोडे नैसर्गिक मेण असते. त्यावर पॉलियुरेथिन नीट चिकटत नाही. म्हणून पीयूखाली अस्तर द्यायचे असल्यास मेणविरहित चपडा वापरावा लागतो.

निवडीचे निकष

वरील माहितीवरून असे दिसून येते, की सर्वोत्तम असा एकच लेप नाही. वापराचे स्वरूप हा पहिला निकष होय. जेवणाचे टेबल, स्वयंपाकघरातील कपाट यांना पाणी व उष्णता सहन करणारे लवचीक पॉलियुरेथिन योग्य ठरते. पुस्तकांची मांडणी, चौकटी, शोभेच्या वस्तू यांना चपडा पुरेसा असतो. अंगणातील बाकासाठी पारदर्शक लेप टिकत नाही, कारण सूर्याचे अतिनील किरण त्यातून आरपार जाऊन लाकडातील लिग्निनचे विघटन करतात. तेथे रंगद्रव्ययुक्त तैलरंगच उपयोगी पडतो. मुलांच्या वस्तूंसाठी सुरक्षितता हा निर्णायक निकष ठरतो.

दुसरा निकष खर्चाचा आहे. तो केवळ पहिल्या दिवसाचा न धरता वस्तूच्या आयुष्यभराचा धरावा लागतो. समजा, एका खुर्चीला चपड्याचा लेप देण्यास ३०० रुपये लागतात आणि तो दर दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. दुसरा लेप ९०० रुपयांचा आहे, तो आठ वर्षे टिकतो, परंतु नव्याने देताना जुना थर काढण्यासाठी आणखी ६०० रुपये लागतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. सोळा वर्षांच्या काळात पहिल्या पर्यायाचे आठ वेळचे मिळून २४०० रुपये होतात. दुसऱ्याचे ९०० आणि १५०० मिळून तेवढेच होतात. मात्र भविष्यातील खर्च दरसाल १० टक्के दराने वटवून आजच्या मूल्यात मांडल्यास पहिला पर्याय सुमारे १३५० रुपयांचा आणि दुसरा सुमारे १६०० रुपयांचा पडतो. बेरीज समान असूनही खर्च केव्हा करावा लागतो, यावर निष्कर्ष बदलतो. ज्या कुटुंबाकडे एकरकमी पैसा कमी आणि फावला वेळ अधिक आहे, त्याने वारंवार दुरुस्त करता येणारा लेप निवडणे हा अज्ञानाचा नव्हे, तर विवेकाचा निर्णय असू शकतो. उलट, हॉटेल किंवा कार्यालय यांना वस्तू दोन दिवस बंद ठेवणेही महाग पडते, म्हणून ते टिकाऊ लेपाकडे वळतात.

लेपाआड दडलेली माहिती

लेपाचा आणखी एक आर्थिक पैलू आहे. गडद रंगाच्या थराखाली लाकूड कोणते आहे, ते नीट वाळविलेले आहे का, कीडप्रतिबंधक प्रक्रिया झाली आहे का, हे ग्राहकाला दिसत नाही. विक्रेत्याला मात्र ते ठाऊक असते. अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की दर्जा ओळखता न आल्यास ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो आणि चांगला माल विकणारे हळूहळू बाजाराबाहेर फेकले जातात. या विषयावरील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पुरस्कार देण्यात आला. रबरवुडवर प्रामाणिक प्रक्रिया करणारा लघुउद्योजक आणि कच्च्या लाकडावर गडद रंग चढविणारा विक्रेता यांच्यात ग्राहकाला फरक करता आला नाही, तर नुकसान पहिल्याचेच होते. प्रमाणीकरण, लाकडाच्या जातीचा व प्रक्रियेचा उल्लेख असलेली चिठ्ठी आणि लेखी हमी हे त्यावरील उपाय आहेत.

आरोग्याची अदृश्य किंमत

लेपाच्या बाजारभावात कारागिराच्या आरोग्याची किंमत समाविष्ट नसते. लॅकर आणि थिनर यांच्या वाफांनी डोकेदुखी व मज्जासंस्थेचे विकार संभवतात. आयसोसायनेट हे व्यावसायिक दम्याचे सुपरिचित कारण आहे. स्प्रेने पीयू मारताना साधा कापडी रुमाल नाकावर बांधणे मुळीच पुरेसे नाही. त्यासाठी योग्य श्वसनसंरक्षक आणि खेळती हवा हवी. फर्निचर निर्मितीचा मोठा भाग असंघटित क्षेत्रात असल्याने ही किंमत बहुधा कारागिराचे कुटुंब उपचारखर्च आणि बुडालेली मजुरी यांच्या रूपाने भरते. ग्राहकाला स्वस्त वाटणारा लेप समाजाला स्वस्त असतोच असे नाही. यालाच नकारात्मक बाह्यता म्हणतात.

नियमनाने ही बाह्यता कमी करता येते, याचे उदाहरण शिशाच्या बाबतीत मिळते. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाच्या प्रमाणाबाबत केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम अधिसूचित केले. त्यानुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही लागू झाला.

लाखेचा देशी पर्याय

या पार्श्वभूमीवर लाखेचा विचार महत्त्वाचा ठरतो. केरिया लॅका या कीटकापासून मिळणारी लाख झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भात प्रामुख्याने आदिवासी कुटुंबे घेतात. पळस व बोर यांवरील रंगीनी आणि कुसुंबावरील कुसुमी असे तिचे दोन प्रकार असून प्रत्येकाची वर्षाला दोन पिके येतात. रंगीनीची बैसाखी व कतकी, तर कुसुमीची अगहनी व जेठवी. रांचीजवळील नामकुम येथे १९२४ मध्ये स्थापन झालेली लाख संशोधन संस्था २००७ मध्ये राष्ट्रीय राळ व डिंक संशोधनाकडे आणि २०२२ मध्ये दुय्यम शेतीच्या व्यापक क्षेत्राकडे वळली व त्यानुसार तिचे नावही बदलत गेले.

लाखेच्या भावातील तीव्र चढउतार ही उत्पादकांची मुख्य अडचण आहे. २०१३-१४ मध्ये गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू झाली आणि तीत लाखेचा समावेश करण्यात आला. बाजार घसरल्यानंतर २०१६ मध्ये ही किंमत कमी करावी लागली आणि २०२० मध्ये ती पुन्हा वाढविण्यात आली. आधारभूत किमतीने आधार मिळतो, मागणी मात्र निर्माण होत नाही. ती फर्निचर, खेळणी, औषधे व खाद्यपदार्थ यांच्या उद्योगांतूनच यावी लागते.

कर्नाटकातील चन्नपट्टण येथील खेळणी या मागणीचा एक नमुना आहेत. तेथे काळ्या कुड्याचे मऊ, पांढरे लाकूड चरकावर फिरविले जाते आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या वर्गातील पानाने घासून तिला झळाळी आणली जाते. या पद्धतीत ना स्पिरिट लागते, ना थिनर. आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका येथेही लाखेचे असेच काम चालते. महाराष्ट्रातील सावंतवाडीलाही लाखकामाची परंपरा आहे. चन्नपट्टण व एटिकोप्पाका येथील खेळण्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. गोल आणि चरकावर फिरणाऱ्या वस्तूंनाच ही पद्धत लागू पडते, ही तिची मर्यादा होय. तथापि, खुर्च्यांचे पाय, पाळण्यांचे दांडे, झोपाळ्यांचे खांब अशा भागांपर्यंत ती नेता येते. गुजरातमधील संखेडा येथील फर्निचर हे त्याचे उदाहरण आहे, जरी तेथे परंपरेने सागाचे लाकूड वापरले जाते.

पुढील दिशा

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये बांधकामात लाकूड वापरण्यावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठविली. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणाने शेतावरील झाडांना उत्पन्नाचे साधन म्हणून मान्यता दिली. शेतकऱ्याने लावलेल्या झाडाला चांगला भाव मिळायचा असेल, तर त्यापासून बनलेली वस्तू टिकली पाहिजे आणि मऊ लाकडाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी लेपावर अवलंबून आहे.

त्यासाठी तीन गोष्टींची गरज आहे. पहिली, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि कौशल्य विकास अभ्यासक्रमांत सुतारकामाबरोबर लेपाचे रसायन, सुरक्षितता आणि लाकडानुसार निवड यांचे शिक्षण. दुसरी, छोट्या कारागिरांच्या समूहांसाठी वाळविण्याची भट्टी आणि हवेशीर स्प्रेकक्ष यांसारख्या सामाईक सुविधा, कारण त्या एकट्याने उभारणे परवडत नाही. तिसरी, शाळा, अंगणवाड्या व शासकीय कार्यालये यांच्या फर्निचर खरेदीत लाकूड, प्रक्रिया आणि लेप यांचा स्पष्ट उल्लेख. शासन हा फर्निचरचा मोठा ग्राहक आहे. त्याच्या निविदेत सर्वांत कमी दराबरोबर आयुष्यभराचा खर्च आणि लेपाची सुरक्षितता हेही निकष आले, तर अंगणवाडीतील पाइनच्या छोट्या टेबलावरचा लेप मुलांना, तो देणाऱ्या कारागिराला आणि लाख गोळा करणाऱ्या कुटुंबाला एकाच वेळी हितकारक ठरू शकेल.